ओला दोर, कोरडा दोर

लोणीजवळच्या खडकवस्तीची विहीर भर एप्रिलात निळीशार झाली, आणि ती निळी केली प्रज्ञानं. विहिरीला पाणी आलं म्हणून नव्हे हो. एप्रिलात तिकडं पाणी कुठलं यायला! निळी झाली ती कागदावर. नारायणगावच्या ऑफिसात बसून प्रज्ञानं जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्वेकडच्या बासष्ट विहिरींचा नकाशा काढला. पाणी तळाला गेलेली विहीर तपकिरी, पाणी असलेली निळी. त्यात सगळ्यात निळा ठिपका खडकवस्तीचा. तालुक्याच्या टंचाईच्या बैठकीत तो नकाशा भिंतीवर झळकला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि निळ्या ठिपक्यांना टँकर कशाला, असं म्हणून चाळीस घरांची खडकवस्ती यादीतून उडाली.

आता ही प्रज्ञा कोण, तर निमगाव सावाच्या बाजीराव पेंटरची थोरली लेक. बाजीराव म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला हात. दुकानाची पाटी असो, दूध सोसायटीचा फलक असो, चौदा एप्रिलची कमान असो, नाहीतर 'येथे थुंकू नये' असो, ब्रश बाजीरावचाच. अक्षर असं की लोक थुंकायचे थांबत नव्हते, पण थुंकण्याआधी वाचत तरी होते. शाळेला सुट्टी असली की प्रज्ञा रंगाचा डबा धरून बापाच्या मागं.

ती चौथीत असताना शाळेच्या भिंतीवर पटसंख्येचा आलेख काढायचं काम निघालं. एकेका वर्गाचा एकेक उभा खांब, जितकी पोरं तितका उंच. बाजीरावनं झोकात खांब ओढले. पाचवीच्या खांबाच्या मध्ये खिडकी आली, तर गड्यानं खिडकी सोडून उरलेला खांब वर नेऊन पुरा केला.

"नाना, साठ पोरांचा खांब पंच्याहत्तरच्या वर गेला की," प्रज्ञा म्हणाली.

"मधी खिडकी हाय ना!"

"पण खिडकीत पोरं न्हाईत ना बसत."

बाजीराव शिडीवरून खाली उतरला, लांब जाऊन भिंतीकडं बघितलं, आणि म्हणाला, "लई शानी झालीस." मग पुढच्या रविवारी अख्खी भिंत पुन्हा पांढरी करून पुन्हा रंगवली. दोन दिवसांचं काम फुकट गेलं, पण बाजीराव चिडला नाही. उलट घरी येऊन बायकोला, द्रौपदाला, चार वेळा तीच गोष्ट सांगितली. द्रौपदानं चौथ्या वेळेला विचारलं, की मग आता जेवायचं का खिडकीच मोजत बसायचं?

तर अशी सुरुवात. पुढं पोरीनं बारावीनंतर संख्याशास्त्र घेतलं. गावात कुणाला हा शब्द झेपेना. "संख्याशास्त्र म्हंजी तलाठ्याची परीक्षा का ओ?" असं विहारात भेटेल तो बाजीरावला विचारायचा. बाजीराव ऐटीत सांगायचा, "न्हाई, माझंच काम. पाटीच रंगवायची, फक्त काँप्युटरवर." आणि खरं सांगायचं तर याहून बरी व्याख्या पुण्यातल्या प्राध्यापकांनासुद्धा जमली नसती. आकडे जमवायचे, त्यांची छाननी करायची, आणि कुणालाही एका नजरेत कळेल असं त्यांचं चित्र काढायचं, हे प्रज्ञाचं काम. एम.एस्सी. झाल्यावर तिला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. साबण कुठल्या जिल्ह्यात किती खपतो, याची चित्रं तिनं सात वर्षं काढली. एकदा वरच्या साहेबानं सांगितलं, खांब शून्यापासून नको, नव्वदपासून काढ, म्हणजे ब्याण्णवचे शहाण्णव झालेले तिप्पट दिसतील. प्रज्ञा म्हणाली, "सर, पाय कापून माणूस उंच दिसत नाही." साहेबाला राग आला. बढती दोन वर्षं लांबली. पण तिनं खांब शून्यापासूनच काढला.

मग लग्न झालं. नवरा रत्नदीप नारायणगावला मास्तर. पुणं सोडून ती तिकडं आली, आणि पाण्यावर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत लागली. पगार निम्मा, पण साबणातून सुटका. तिथं तिचं नाव झालं. शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत कुणीही तिचा नकाशा बघावा आणि समजून जावा. "प्रज्ञाताईंचा कागद म्हणजे कागद," असं तालुक्याला म्हणायला लागले होते. माणसाचं असं नाव झालं ना, की तिथूनच त्यानं सांभाळायला हवं. पण हे तेव्हा तिला कोण सांगणार!

पाण्याचं काम असं चालायचं. प्रत्येक गावात एक माणूस नेमलेला. त्यानं दर शनिवारी ठरलेल्या विहिरीवर जायचं, विहिरीच्या काठापासून खाली पाण्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचं, आणि आकडा फोनवर कळवायचा. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल गेलं. आकडा लहान म्हणजे पाणी वर, हाताशी. फॉर्मवर हे छापलेलं होतं, प्रत्येकाला मोजायची फीत दिलेली होती, आणि प्रज्ञाबरोबर काम करणारी सोनल गावोगाव जाऊन शिकवूनही आली होती. खडकवस्तीला तेवढं विहिरीवर जाणं झालं नाही. त्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळत होता, म्हणून सोनलनं मारुतीच्या देवळातच बसून तिथं मोजायला नेमलेल्या भिमाजीबाबांना फॉर्म वाचून दाखवला. बाबा सत्तरीचे. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पोरी, ही हीर माझ्या बापानं खांदलीय. मोजायचं मला नको शिकवू." सोनलला बरंच वाटलं. तिला अजून दोन गावं करायची होती.

दिवाळीनंतर भिमाजीबाबांचे आकडे यायला लागले. एक शनिवार चुकला नाही. पहिला आकडा, मागचे सेंटिमीटर सोडले तर, साडेसहा मीटर. डिसेंबरात पाच. जानेवारीत चार, फेब्रुवारीत अडीच, मार्चअखेर एक पूर्णांक तीन. आलं का लक्षात? सगळ्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडं खाली खाली चाललेलं, आणि खडकवस्तीचं वर वर येतंय!

आता कुणी म्हणेल, बाईच्या डोक्यात काही शिरलं नाही का? शिरलं ना. थबकली होती ती. पण आदल्याच वर्षी वस्तीच्या वर ओढ्यावर बंधारा झाला होता. त्याचं पाणी मुरतंय आणि विहिरीत पाझरतंय, असं सगळ्यांना वाटायला लागलं. संस्थेचे सर तर हरखूनच गेले. प्रज्ञानं आपलं समाधान करून घ्यायला भिमाजीबाबांना फोनही लावला.

"बाबा, आकडा बरोबर आहे ना?"

"येकदम बरोबर. फितीवर धरून मोजलाय. बोटाचा फरक न्हाई निघायचा."

झालं. बंधाऱ्याची कमाल म्हणून खडकवस्तीचा आलेख तिनं अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला. निळी रेघ झोकात वर चढलेली. मनासारखं चित्र हाती आलं की भल्याभल्यांचा हात पुढं तपासायला उठत नाही, हे काही संख्याशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

टँकरची यादी लागून बारा दिवस झाले होते. सोमवारी सकाळी प्रज्ञाच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजला.

"नकाशा काढणाऱ्या म्याडम तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी अंजना बोलती, खडकवस्तीवरून. आमची हीर तुमच्या कागदावर निळी हाय म्हणं. मग या की पोहायला! येताना टावेल आणा, आमच्याकडं धुतल्याला न्हाई."

पलीकडून अंजनाचा तोंडाचा पट्टा चालूच. दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या मोटारीवर बायका रांग लावतात, लाईट असली तर पाणी, नसली तर रिकामी घागर घेऊन माघारी. मळ्याचा मालक चांगला, पण त्याचंही पाणी किती दिवस पुरणार? गेल्या साली याच महिन्यात टँकर सुरू झाला होता. या साली ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, तुमच्या विहिरीला पाणी आहे, कागदावर आलंय. "आन त्यो भिमाजी! त्येनंच आकडं दिलं. पुढाऱ्यावाणी मिरवायला पायजे म्हणून खोटं लिवलं म्हाताऱ्यानं. वस्तीत त्येच्याशी कुणी बोलत न्हाई आता. बुधवारी बैठक हाय म्हणं तुमची. बुधवारी आमचं नाव न्हाई आलं, तर पुढं पंधरा दिवस यादी हालत न्हाई. तवर काय करायचं, सांगा!"

फोन ठेवला आणि प्रज्ञानं काँप्युटरवर खडकवस्तीचा ताजा आकडा उघडला. परवाच्या शनिवारचा. शून्य पूर्णांक चार. म्हणजे पाणी काठापासून फक्त चाळीस सेंटिमीटर खाली! म्हणजे काठावर बसून हातानं ओंजळ भरावी इतकं! एप्रिलात, लोणीच्या माळावर! बंधारा काय, अख्खं धरण वर बांधलं तरी हे होणं नाही.

"खोटे आकडे टाकलेत बाबांनी," सोनल म्हणाली. "घरी बसून लिहीत असणार."

"खोटं लिहिणारा माणूस असे आकडे लिहीत नाही गं," प्रज्ञा म्हणाली. खोटे आकडे कसे दिसतात ते तिला ठाऊक होतं; साबणात सात वर्षं काढली होती. खोटं लिहिणारा माणूस पाच आणि शून्यावर फार टेकतो. हे आकडे तसे टेकत नव्हते, खरे दिसत होते. सर म्हणाले, वस्तीवालेच टँकरसाठी रडत असतील, दरवर्षीचं आहे, मुखपृष्ठ छापून झालंय, आता उगाच घोळ नको. प्रज्ञाला त्या दिवशी दुपारचा डबा गेला नाही. कुणीतरी खोटं बोलतंय एवढं नक्की, एकतर भिमाजीबाबा नाहीतर वस्ती, आणि कुणीही असलं तरी नुकसान तिच्या कागदानं केलंय, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी सकाळीच तिनं स्कूटर काढली. मंचर सोडून पूर्वेला वळलं की ऊस मागं राहतो आणि माळ सुरू होतो. खडकवस्तीवर पोचली तेव्हा दहा वाजले असतील. विहिरीवर चिटपाखरू नाही. ती काठावर गेली, खाली वाकून बघितलं. खोल, पार तळाला, ताटाएवढा पाण्याचा तुकडा चमकत होता. बासष्ट विहिरींचा नकाशा काढणाऱ्या बाईनं खडकवस्तीची विहीर आज पहिल्यांदा बघितली. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच!

भिमाजीबाबा घराबाहेर यायलाच तयार नव्हते. प्रज्ञानं नाव सांगितल्यावर दार उघडलं. म्हातारा उभा राहिला तो हातात वही घेऊनच.

"ताई, येक बी आकडा खोटा असंल तर मला जोड्यानं मारा. बारा दिस झालं, देवळाच्या कट्ट्यावर बसायला गेलो की लोक उठून जात्यात. माझी सून बोलत न्हाई. मी काय पाप केलं?"

वहीत प्रत्येक शनिवार. तारीख, वेळ, आकडा, खाली सही. प्रज्ञानं पानं उलटून बघितली. ती म्हणाली, "बाबा, मला नुसतं मोजून दाखवता का? तुम्ही मोजता तस्सं."

"चला की!"

बाबांनी खुंटीवरचा दोर काढला, टोकाला दगड बांधलेला. वाटेत अंजनाच्या घरावरून जावं लागायचं. ओट्यावर उभी राहून ती बघत होती, उंच, कमरेला पदर खोचलेला. पाहुणी बाई आणि भिमाजी विहिरीकडं चाललेत म्हटल्यावर तीही मागून आली. तिच्यामागून आणखी चार जणी. बाबांनी कुणाकडं बघितलं नाही. काठावर गुडघा टेकला, दगड अलगद खाली सोडला. दोर गेला, गेला, गेला. तळाला दगड टेकल्याचं हाताला कळल्यावर बाबा थांबले. मग भराभर वर ओढला. कोरडा दोर पायाशी वेटोळं होऊन पडत गेला, त्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. शेवटचा भिजलेला तुकडा हातात आला तसा त्यांनी तो ताणून धरला, खिशातून संस्थेची फीत काढली, आणि ओला दोर फितीवर धरला.

"पस्तीस सेंटिमीटर. शनवारपरीस पाच कमी."

प्रज्ञा त्या ओल्या तुकड्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही ओला दोर मोजता?"

"मग?"

"आणि हा कोरडा?"

भिमाजीबाबांनी तिच्याकडं असं बघितलं, की ही एवढी शिकलेली बाई आणि हिला एवढंही कळू नये! "कोरड्या दोराला काय मोजायचं, ताई? कोरडा दोर काय प्यायचाय का?"

प्रज्ञाला आधी हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. काठावरच बसली ती. अहो, कुणीच खोटं बोललं नव्हतं! म्हातारा खरा, वस्ती खरी, आकडाही खरा. बापजाद्यांपासून या वस्तीत विहीर मोजायची ती अशीच. दोर सोडायचा आणि भिजला किती ते बघायचं. भिजला तेवढं पाणी आपलं. वरची पोकळी मोजून कुणाचं पोट भरलंय? बाबांनी दर शनिवारी इमानदारीनं पाणी मोजलं, आणि प्रज्ञानं त्या पाण्याला पोकळी समजून चित्र काढलं. पाणी जसजसं आटत गेलं, तसतसा आकडा लहान होत गेला, आणि कागदावरची विहीर भरत गेली.

"ताई, रडताय का? चुकलं का माझं?" बाबा घाबरले.

"तुमचं नाही चुकलं बाबा. माझं चुकलं. विहीर न बघता मी विहिरीचं चित्र काढलं." तिनं अंजनाकडं वळून सगळं समजावून सांगितलं, ओला काय, कोरडा काय. मग विचारलं, "बाबा, विहीर एकूण किती खोल?"

"साडेसात परस. तुमच्या फितीवर बारा मीटर."

बारातून पस्तीस सेंटिमीटर गेले. पाणी काठापासून साडेअकरा मीटरच्या खाली. सगळ्या बासष्टांत सगळ्यात तपकिरी ठिपका इथंच हवा होता. आता दुसराच प्रश्न उभा राहिला. आणखी किती जणांनी ओला दोर मोजलाय? तिथंच बाभळीच्या सावलीत बसून तिनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. अंजनानं न विचारता चहा आणला. पाण्याची ही तऱ्हा आणि तरी चहा, प्रज्ञाला तो घशाखाली उतरवताना लाज वाटली. बोरी बुद्रुकचा माणूस म्हणाला, "कोरडाच मोजतो ताई, फॉर्मवर तसंच लिव्हलंय न्हवं का?" तिला हायसं वाटलं. दुसरा, तिसरा, दहावा. कोरडा, कोरडा, कोरडा. निमगाव सावाला मोजणारा माणूस म्हणजे खुद्द बाजीराव.

"नाना, तुम्ही ओला मोजता का कोरडा?"

"कोरडा. का गं?"

तिनं झालं ते सांगितलं. पलीकडं बाजीराव आधी खो खो हसला, मग म्हणाला, "पाटी रंगवायच्या आधी भिंत बघून यायची, पोरी. म्या आयुष्यात येक खिडकी इसरलो, तर तू मला सोडलं न्हाईस. आता उद्या बैठकीत जाऊन सरळ सांग." सूर्य कलायच्या आत एकसष्ट जणांशी बोलून झालं. ओला दोर मोजणारे भिमाजीबाबा एकटेच निघाले. प्रज्ञानं असा श्वास सोडला, की अंजना म्हणाली, "म्याडम, बाळंत झाल्यावाणी दमलाय तुमी."

पण अजून बैठक व्हायची होती. बुधवारी सकाळी सर म्हणाले, "मोजणाऱ्याकडून चूक झाली, एवढंच सांग. ते खोटंही नाही. तुझं आणि संस्थेचं नाव कशाला मध्ये?" खोटं नव्हतंच ते, अगदी सोयीचं खरं होतं. प्रज्ञा एक क्षण डळमळलीसुद्धा. तालुक्याला तिच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवत होते. आज तिनं तोंड उघडलं की उद्यापासून प्रत्येक कागद उलटापालटा करून बघतील. पण कट्ट्यावरून उठून जाणारे लोक आणि वही छातीशी धरलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

बैठकीत ती उभी राहिली. मुखपृष्ठावरची निळी रेघ सगळ्यांपुढं धरली आणि म्हणाली, "हे चित्र चुकीचं आहे. चूक माझी आहे. मोजणाऱ्यानं एकही शनिवार चुकवलेला नाही आणि एकही आकडा खोटा दिलेला नाही. त्यांनी विहिरीतलं पाणी मोजलं, मी त्याला पाण्यापर्यंतचं अंतर समजले. ते कसं मोजतात हे मी जाऊन बघितलं नाही." मग नवा नकाशा लावला. सर चष्मा पुसायला लागले. टंचाईचं काम बघणारे साहेब दोन्ही कागद आळीपाळीनं बघत राहिले.

"त्यांनी कोरडा दोर का मोजला नाही?" साहेबांनी विचारलं.

"मी विचारलं, सर. ते म्हणाले, कोरडा दोर काय प्यायचाय का?"

साहेब आधी गालातल्या गालात हसले, मग खुर्ची हलेपर्यंत हसले. त्यांच्याबरोबर सगळी खोली हसली. "बरोबर आहे की म्हाताऱ्याचं!" ते म्हणाले, आणि पेन उघडून यादीत खडकवस्तीचं नाव घातलं. "उद्या सकाळी पहिली खेप. आणि मॅडम, बाकीच्या विहिरीही पावसाळ्याआधी डोळ्यांनी बघून या." प्रज्ञा खाली बसली. चूक कबूल करून इतकं हलकं वाटतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

गुरुवारी ती वस्तीवर हजर. तिला बोलावलं नव्हतं कुणी, पण राहवेना. नवाच्या सुमाराला टँकर धुरळा उडवत आला, विहिरीशी मागं वळवून लावला, आणि जाड पाईपातून पाण्याचा लोट धाडदिशी तळाला कोसळला. बायकापोरं काठावर दाटली. भिमाजीबाबा मात्र लांब, बांधाजवळ उभे. त्यांचं खरं होतं हे मंगळवारीच वस्तीभर झालं होतं, पण इतके दिवस गप्प राहिलेल्या तोंडांना पहिला शब्द कसा काढावा ते सुचत नव्हतं. टँकर रिकामा होऊन गेला, पाणी हेलकावत राहिलं, तरी कुणी घागर सोडेना. सगळ्याजणी एकमेकींकडं बघतायत.

शेवटी अंजनाच पुढं झाली. बाबांच्या घरी जाऊन खुंटीवरचा दोर घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. "बाबा, मोजा. तुमी सांगितल्याबिगर काय खरं वाटत न्हाई." बोलता बोलता ती पदरानं तोंड पुसायला लागली.

बाबांनी प्रज्ञाकडं बघितलं. "ताई, आता तुमच्या रीतीनं कोरडा मोजू का?"

टँकरचं पाणी ओतलेल्या विहिरीचं माप आलेखात धरायचंच नसतं. ते जमिनीचं पाणी नव्हे, तो आकडा कुठल्याच कागदावर चढणार नव्हता, आणि हे त्या काठावर प्रज्ञाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "नको बाबा. ओलाच मोजा. आणि मोठ्यानं सांगा."

दगड खाली गेला. बाबांनी दोर वर ओढला, फीत खिशातच राहू दिली, आणि भिजलेला दोर हातानं मोजला. एक हात, दुसरा हात. मग मान वर करून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे ओरडले, "दोन हाताला बोटभर कमी!"

"व्हय बाबा!" कुणीतरी मागून ओ दिली, आणि घागरी खाली सुटल्या.